हात मांडीखाली

विशाखाताई कॉम्प्युटरपुढं बसल्या की पहिलं दोन्ही हात मांडीखाली दाबून घ्यायच्या. थंडी वाजून राहिली असंल म्हणून मी एकदा घोंगडी नेऊन दिली. "घोंगडी नको मामा," म्हणल्या, "हाताला जरा दम धरू द्या. आधी डोळ्यानं बघायचं."

त्या आमच्या अर्धापूरच्याच, गल्लीतल्या. नांदेडला आयटीआयमधी शिकवायच्या. आमच्या केळी पिकवायच्या खोलीवर साबणाच्या वडीएवढा कॉम्प्युटर त्यांनीच बसवला. खोली तापली की त्यातला प्रोग्राम थंडीची मशीन लावायचा, गार झाली की बंद. शाळा मी बाहेरूनच बघितलेली, त्यामुळं इंग्रजी अक्षरं चित्रावानी पाठ केली. ओळीच्या शेवटी जिलेबीसारखं चिन्ह टाकलं की प्रोग्राम मागं जाऊन गुपचूप काम करतो, एवढं कळलं.

ते गुपचूपच माझ्या जिवाला खायचं. स्वयंपाकघरात भांडं वाजलं न्हाई तर दोनदा जाऊन बघणारा मी. बंद पडला असंल म्हणून येता-जाता प्रोग्राम पुन्हा लावायचो. मधी ताईंनी थंडीचा आकडा बदलला, आणि मशीन चालू-बंद, चालू-बंद. व्यापाऱ्याच्या केळीवर डाग.

ताई आल्या, हात मांडीखाली. मग 'पीएस' दाबून चालू असलेले सगळे प्रोग्राम दाखवले. "मामा, एका खोलीला पाच मुकादम ठेवलेत तुम्ही. जुने जुना आकडा धरून म्हणतेत बंद राहू द्या, नवा म्हणतो लावा." एकेकाच्या नंबरवर 'किल' मारून चार घरी पाठवले. "नवा उठवायच्या आधी जागं कोण हाय ते विचारत जा."

पुढं त्यांची लातूरला बदली झाली. जाताना मी म्हणलो, "ताई, माझं कसं?" "तुमचं काय व्हायचंय? केळीचं बघा."

त्याच उन्हाळ्यात जावयानं पहिल्यांदा सगळा माल माझ्या खोलीत ठेवला. माल गेला तर मला कोणी काही म्हणणार न्हाई, लेकीला मात्र जन्मभर ऐकावं लागंल. आणि त्याच दुपारी लाईट जाऊन आली, तर मशीन गप. खोलीचा आकडा चढून राहिला. ताईंना फोन लावला, उचलेनात. पुन्हा लावला. बोटं तर बटनाकडं पळून राहिली.

शेवटी दोन्ही हातांवर बसलो. घाम नाकावरून खाली, पुसायला हात न्हाई. बघितलं. मग एक हात काढून 'पीएस' दाबलं. आपला एकबी मुकादम जागा नव्हता. एकच उठवला, शेवटी जिलेबी टाकली, आणि परत हातावर बसलो. लई वेळानं मशीन घरघरली. आकडा उतरला.

तेवढ्यात ताईंचा फोन. "तासाला होते मामा. काय झालं?"

"काही न्हाई. सहज लावला."

"किती चालू हाईत?"

"एकच."

"आणि हात कुठं हाईत?"

"मांडीखाली," मी म्हणलो.

"मग फोन कोणी धरलाय?"