महिपत मसाला

विठ्ठलवाडी स्टेशनच्या मागच्या गल्लीत शीलाचा मसाला कांडायचा डंक आहे. विजेवर चालणारा, लोखंडी मुसळांचा. उन्हाळ्यात भाजलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन बायका तिथे रांगेने बसतात आणि सगळी गल्ली शिंकत असते.

अशाच एका रांगेसमोर महिपतने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, शीलाचं डोकं भिंतीवर आपटलं होतं. घरात मारतो हे गल्लीला ठाऊक होतं, उघड्यावर पहिल्यांदाच. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. केस धरायला तो पुन्हा वाकला, तशी शीलाने नुकत्याच कांडलेल्या मसाल्याची मूठ उचलली आणि त्याच्या डोळ्यांत भरली. फेकली नाही, चोळून भरली. गुरासारखा ओरडत तो नळाकडे धावला. नळाला पाणी नव्हतं. त्याच दिवशी तो शहाडला भावाकडे निघून गेला.

मग शीलाने स्वतःचा मसाला पाकिटं भरून विकायला काढला. तिची लेक क्षिप्रा कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. तिने नाव काढलं ‘झेस्टोरा’, तेही सोनेरी अक्षरांत. किराणावाल्या उत्तमने पाकिटं फळीवर मांडली आणि काही दिवसांनी गठ्ठाच परत आणला.

“वहिनी, माल एक नंबर. पण बाया काउंटरला येतात, पाकिटाकडे बघतात, नाव घ्यायला लाजतात नि दुसरंच काहीतरी घेऊन जातात. आणि ज्यांना तुमचाच हवाय ना, त्या काय मागतात माहितीये? महिपत मसाला.”

“काय?”

“तो डोळ्यांत भरलेला! हसत हसत मागतात, शेजारणीलापण सांगतात.”

शीलाच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण उखाण्याबाहेर ते नाव तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. मार खातानासुद्धा ‘अहो, नका’ एवढंच. क्षिप्रा तर भडकलीच. “त्या माणसाचं नाव पाकिटावर? आई, वेडी झालीस का?” पण परत आलेल्या पाकिटांना जाळी लागायला लागली होती. शेवटी शीलाने साध्या लाल अक्षरांत ‘महिपत मसाला’ छापून घेतलं. स्वतः मात्र गिऱ्हाइकापुढे पाकीट सरकवताना “हा घ्या” एवढंच म्हणायची.

मसाला टिटवाळ्यापर्यंत जायला लागला आणि महिपतच्या कानावर गेला. भर मे महिन्यात, रांग लागलेली असताना, तो डंकावर येऊन उभा राहिला. एक डोळा अजून लालच.

“नाव माझं, तर डंकपण माझा. चावी आण.”

“अहो, इथे नको. बायका आहेत.”

“त्या दिवशी नव्हत्या?”

त्याने तिचं मनगट पिरगाळलं आणि हात चालू मुसळाकडे ओढत नेला. “हाच ना तो हात? बघतो आता कसा मसाला भरतेस.” मुसळ धाडधाड आदळत होतं. बोटांवर त्याचा वारा लागला. मग मधल्या बोटाचं नख ठेचलं.

“महिपत, हात सोड!”

गल्लीने ऐकलं. महिपतला तर कुणीतरी कानफटात दिल्यासारखं झालं. त्याची पकड क्षणभर ढिली पडली, आणि तेवढं पुरलं. मिरच्या सारायचा लाकडी दांडा शीलाने त्याच्या मनगटावर घातला. हाड कट्‌कन वाजलं. तो खाली बसला, तसा दुसरा तडाखा खांद्यावर, तिसरा पाठीत. मग रांग उठली. सत्तरीच्या हौसाबाईंनी आपला पितळी डबा त्याच्या टाळक्यात हाणला, मिरच्या सांडल्या तरी. “मेल्या, नंबर होता माझा!” बाकीच्यांनी त्याला कॉलरला धरून फरफटत रस्त्यावर नेऊन टाकलं. तिथूनच पोलिसांनी उचलला.

“आई, आता तरी नाव बदलूया,” क्षिप्रा म्हणाली. “सुटला की परत येईल तो.”

शीला बोटाला फडकं गुंडाळत होती. दारात एक बाई घुटमळत उभी होती. सगळं डोळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे काय म्हणून मागावं ते तिला कळेना.

“ताई, तो तुमचा... आपला तो...”

“महिपत,” शीला म्हणाली. “पाव देऊ की अर्धा किलो?”