मुलाम्याशिवायची अंगठी

स्वारगेटहून भोरची एसटी सुटली तेव्हा अंगठी बोटात नव्हती, पाकिटात होती, आणि मी रागात होते. पुण्यातल्या सराफानं तिच्यावर तिसऱ्यांदा ऱ्होडियमचा मुलामा चढवायला सांगितला होता. पांढरं सोनं घेतलंत म्हणजे हे आलंच, असंही वर ऐकवलं. मुलामा झिजला की खालचा पिवळट रंग दिसायचा आणि बोटावर पुरळ उठायचं. घरात सगळ्यांचं एकच टुमणं, "पिवळं सोनं घाल की!" मला पिवळं आवडत नाही. ही अंगठी मी पन्नाशीत, स्वतःच्या पगारातून, स्वतःसाठी घेतली होती. ती डबीत ठेवायला मी मुळीच तयार नव्हते.

भोरला सोनारकाम करणाऱ्या रशीदचाचांचा पत्ता मार्गासनीच्या सुनंदानं, माझ्या जुन्या मैत्रिणीनं, दिला होता. दुकान कसलं, एक खिडकी आणि एक शेगडी. चाचांनी अंगठी भिंगाखाली धरली.

"ह्यात निकेल हाय, ताई. मुलामा गेला की ते कातडीला लागतं."

"मुलाम्याशिवाय पांढरी राहील असं काही नाही का?"

"निकेलऐवजी पॅलेडियम घालून व्हतं की. पन आरशावानी चमकायची न्हाई, राखाडी दिसंल. आन् ही मोडावी लागंल."

"मोडा," मी म्हटलं.

जुनं सोनं तेजाबात (तीव्र आम्लात) शुद्ध करून नवं मिश्रण वितळवायला दोन दिवस लागणार होते. मी भोरातच मुक्काम केला, उत्रोलीपर्यंत पायी भटकले. दोन्हीकडे भात पिकून आडवं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी अंगठी हातात आली ती खरखरीत आणि निस्तेज. चाचांची रीतच तशी होती.

"तीन दिस घाला. हात कामात घाला. बोटाला काय झालं न्हाई तर या, मंग घासून उजाळा देतो. झालं तर परत वितळवू."

नसरापूरमार्गे मार्गासनी गाठलं. सुनंदाकडे कापणी चालू होती. तांदळाची भाकरी आणि पावट्याची आमटी हाणून मीही विळा घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही हात कोपरापर्यंत खाजू लागले. माझा धीरच सुटला.

"काढ ती अंगठी," सुनंदा म्हणाली.

"तीन दिवस म्हणजे तीन दिवस!"

"लई हट्टी गं तू! अगं, भाताचं कुसळ लागलंय. तुला सांगितलं व्हतं, बाह्या खाली घे म्हनून."

तीन दिवस भरल्यावर सकाळी तिच्यासमोरच अंगठी काढली. सगळा हात ओरबाडलेला, लालभडक. अंगठीखाली मात्र कातडीचा पट्टा स्वच्छ. मी खळ्यात मोठ्यानं ओरडले, आणि शेजारचे लोक धावत आले.

भोरला चाचांनी आधी बोट पाहिलं, मग अंगठीला उजाळा दिला.

पुण्यात उतरले ती थेट सराफाकडे. खरं तर काही काम नव्हतं. पांढरं म्हणजे आरशासारखंच, हे कुणी ठरवलं, आणि त्यासाठी मी दर वर्षी हात का पुढे करायचा, एवढंच वाटेत डोक्यात घोळत होतं. काउंटरवरच्या मुलीनं माझ्या हाताकडे पाहिलं.

"मॅडम, प्लेटिंग राहिलंय वाटतं?"

"राहिलेलं नाही. ही अशीच आहे," मी म्हटलं, आणि आतून सराफ स्वतः बघायला येईपर्यंत हात काचेवर तसाच ठेवला.