भावकाकांचा बाजार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही: माझी नोकरी गेली होती. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरच्या आमच्या मराठी मंडळात कुणी "सध्या कुठे?" विचारलं की मी बेधडक जुन्या कंपनीचं नाव ठोकून द्यायचो. तिथून दोन तासांवरच्या खेड्यात राहायला गेलो, तेही शांतता हवी, असं सगळ्यांना सांगून. घरी बसून सुटी कामं करत होतो. खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं, माझ्या बायकोला, मेधाला, आणि भावकाकांना.

भावकाका म्हणजे मंडळात सगळ्यांचेच काका; त्यांच्याइतका वैताग मला दुसऱ्या कुणी आणला नसेल. एके काळी मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होते. नंतर आमच्या त्या खेड्याजवळ राहून डेअऱ्यांची दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायचे. भाव केल्याशिवाय त्यांना काही घेताच यायचं नाही, म्हणून ते नाव. कुणी घरासमोर जुनं सामान विकायला मांडलं, की त्या गराज सेलमधली एका डॉलरची कढई अर्ध्या किमतीत मागायचे, आणि मिळाली की विकणाऱ्या म्हातारीला दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू नेऊन द्यायचे.

जुन्या कंपनीचा आरोग्यविमा संपत आला तशी माझी झोप उडाली. मेधाला संधिवात. इंजेक्शन चुकलं की सकाळी तिला चहाचा कप धरता येत नाही. आता मार्केटप्लेस नावाच्या सरकारी साइटवरून विमा आपला आपण निवडायचा होता. काका स्वतः तिथूनच घेत, म्हणून त्यांना बोलावलं. तिथेच फसलो.

"मार्केटप्लेस ना? मग भाव होणारच," म्हणत त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला, स्पीकरवर. बाईंनी हप्ता सांगितला.

"ओके मॅडम. लास्ट प्राइस?"

"सर, दॅट इज द प्राइस."

"नो, नो. हजबंड-वाइफ, बोथ आर टेकिंग."

"काका, ही भाजी नाहीये!" मी ओरडलो.

"भाजीवालीसुद्धा आधी असंच म्हणते."

भाव अर्थातच झाला नाही. शेवटी त्या बाईंनीच हसत हसत "हॅव अ गुड डे" म्हणून सुटका करून घेतली. माझी दुपार गेली ती गेलीच.

मग वार्षिक उत्पन्नाचा अंदाज भरायचा आला. मी जुना पगार टाइप केला. का, ते विचारू नका; बोटं आपोआप तिकडे गेली. काकांनी चष्मा वर केला.

"अरे, साइटला कशाला थापा मारतोस? ती काय मंडळात येते?"

मी खरा आकडा भरला. हप्त्यावर सवलत दिसायला लागली. जुन्या पगारावर ती मिळालीच नसती. मला हायसं वाटायला हवं होतं; मी चिडलो. सगळ्यात स्वस्त प्लॅनवर क्लिक करणार, तोच काकांनी माऊसवर हात ठेवला.

"मेधाच्या डॉक्टरांकडे विचारलंस?"

"विचारलं. हा विमा घेतो म्हणाले."

"घेतो म्हणजे? कार्ड कुणीही घेतं रे. नेटवर्कमध्ये आहात का, म्हणजे विमा कंपनीशी करार आहे का, असं विचार. फ्रंट डेस्कला नको, बिलिंगला. प्लॅनचं पूर्ण नाव सांगून."

"जाऊ दे ना यार, काका!"

काकांनी जाऊ दिलं नाही. समोर बसून फोन करायला लावला. डॉक्टर त्या प्लॅनमध्ये नव्हते. आमच्या भागात त्या आजाराचे तेवढे एकच डॉक्टर. मग प्लॅनमधल्या औषधांची यादी उघडायला लावली; इंजेक्शनही नव्हतं. दुसरा प्लॅन थोडा महाग, पण त्यात दोन्ही होतं. तो घेतला. मेधाचं एकही इंजेक्शन चुकलं नाही.

पुढच्या संक्रांतीला मंडळात मी तो किस्सा रंगवून सांगितला. फक्त विमा काकांचा स्वतःचा होता, असं सांगितलं. "लास्ट प्राइस?" पोरंसुद्धा ओरडायला लागली. काका खुर्चीत तिळगूळ चघळत बसले होते. कुणीतरी विचारलं, "काय काका, मग मिळाला का डिस्काउंट?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलले असते तर मी उघडा पडलो असतो. "नाही मिळाला," ते म्हणाले, "पण आपण विचारून ठेवलं." सगळे पुन्हा हसले. मीही.

नंतर काकांचे गुडघे गेले आणि ते दूर चँडलर शहरात मुलीकडे राहायला गेले. फोनवर अजूनही आधी मेधाच्या बोटांची चौकशी करतात. मंडळात अजूनही त्यांची नक्कल होते.

हे लिहिलं, पण लिहिणं सोपं आहे. तो फोन त्यांनी माझ्यासाठी केला होता, हे मंडळात सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं, एवढं देणं मी त्यांचं अजून लागतो.