शुक्रवारच्या आत एक दिवा

लग्न शुक्रवारी सकाळी दहाला ठरलं होतं. नोंदणी कचेरीत अर्ज देऊन महिना उलटला होता, साक्षीदारांनी रजा टाकल्या होत्या, आणि घोडं अडलं होतं ते बाहेरच्या खोलीतल्या दिव्यापाशी. नवरी एक्कावन्न वर्षांची, नवरा सत्तावन्नचा. या वयात लग्न अडायचंच तर रक्तदाबावरून अडावं, नातेवाइकांच्या रुसव्याफुगव्यावरून अडावं. हिचं अडलं बल्बवरून.

नवरीला सगळे शेडबाई म्हणत. शिवणाच्या दोऱ्याच्या कारखान्यात ती एकोणतीस वर्षं रंग जुळवायचं काम करत होती. गिऱ्हाइकाकडून कापडाचा नखाएवढा तुकडा यायचा, रंगशाळेतून दोऱ्याची गुंडी यायची, आणि दोन्ही एका राखाडी रंगाच्या खोक्यात शेजारी शेजारी ठेवून शेडबाई तीन दिवे आळीपाळीने लावायची. एक दिवसाच्या उजेडासारखा, एक दुकानात असतो तसा पांढरा, एक घरातला पिवळा. दुकानात कापडाशी गळ्यात गळा घालणारा दोरा घरी नेल्यावर पिवळ्या उजेडात खुशाल वेगळा दिसतो. कारखान्यात याला ‘फितूर होणं’ म्हणत. फितूर दोरा शेडबाईच्या हातून सुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ती मान हलवायची, ‘नाही’ म्हणायची आणि रंगशाळेतल्या माणसांचे चेहरे पडायचे. दिवसातून चाळीस वेळा नाही म्हणायची सवय लागली की ती घरीही सुटत नाही. तिला सांगून आलेली दोन स्थळं अशीच गेली होती. एकाच्या वेळी ऐनवेळी तिला गावाचं पाणी मानवेना, दुसऱ्याच्या वेळी घराचा जिना अरुंद निघाला. तिच्या ताईने तेव्हाच कपाळाला हात लावला होता.

घड्याळवाला मात्र चिवट निघाला. शेडबाईने त्याच्याकडे मनगटी घड्याळ दुरुस्तीला दिलं, त्याने ते दुरुस्त केलंच, वर उसवलेला पट्टाही शिवून दिला. शेडबाईने तिथल्या तिथे सांगितलं की दोरा एक छटा लाल मारतोय. त्याने शिवण उसवली आणि पुढच्या शनिवारी या म्हणाला. असे चार शनिवार गेले. पाचव्या शनिवारी दोरा जुळला, आणि सहाव्या शनिवारी ती गेली तेव्हा दुरुस्तीला काहीही नव्हतं. दोघांनाही ते कळलं होतं. त्याने स्टूल पुढे सरकवलं, तिने ते घेतलं, आणि वर्षभरात गाडी नोंदणी कचेरीपर्यंत आली.

लग्नानंतर राहायचं होतं त्याच्या घरी. आत एक खोली, स्वयंपाकघर, आणि बाहेर दहा बाय चौदाची एकच खोली. तिच्या दाराकडच्या अर्ध्या भागात सोफा, आतल्या अर्ध्यात दोघांपुरतं जेवायचं टेबल. छताला मधोमध एक हूक आणि भिंतीवर एक ट्यूबलाइट. घर पाहायला ती संध्याकाळी गेली. घर तिला आवडलं, टेबल आवडलं, खिडकीबाहेरचं झाडही आवडलं. मग त्याने ट्यूब लावली, आणि शेडबाईला खिडकीच्या काळ्या काचेत एक बाई दिसली. डोळ्यांखाली जांभळट, गालावर पिवळट, मानेवर राखाडी. छटा ओळखण्यात तिचा हात कोण धरणार? क्षणभर तिला वाटलं, खालच्या मजल्यावरच्या कोणी आजी आल्यात. मग तिने चष्मा सारखा केला, तर आजींनीही केला.

आजवर तिला रोज टेबलापलीकडून बघणारं कुणी नव्हतं. आता हा माणूस सकाळ-संध्याकाळ समोर बसणार, आणि या उजेडात बसणार. पण हे बोलायचं कसं? एक्कावन्नाव्या वर्षी ‘मी छान दिसत नाहीये हो’ म्हणायला जीभ रेटेना. ती म्हणाली, “हा उजेड चालायचा नाही.”

“बदलू की,” घड्याळवाला म्हणाला.

तिथून जी धमाल सुरू झाली ती आठ दिवस चालली. कोपऱ्यावरच्या दिव्यांच्या दुकानात दोघं रोज संध्याकाळी हजर. दुकानदाराने पहिल्या दिवशी खुर्च्या पुसून दिल्या, दुसऱ्या दिवशी चहा मागवला, चौथ्या दिवशी त्यांना लांबून येताना पाहून तो शिडीवर चढून बसला आणि वरच्या फळीवरचे खोके विनाकारण मोजू लागला. बल्ब पसंत पडला नाही तर परत घेईन असं तो पहिल्याच दिवशी बोलून बसला होता, आणि आता शब्द मागे घ्यायची सोय नव्हती.

शेडबाईची पारख म्हणजे काय, ते घड्याळवाल्याला या आठ दिवसांत समजलं. सोफ्यामागच्या भिंतीवर तिने राखाडी चादर टांगली, कारण रंगीत भिंत डोळ्याला फसवते. टेबलावर ताट मांडलं. त्यात भात, टोमॅटोच्या चकत्या, काकडी, उकडलेलं अर्धं अंडं. आणि ताटामागे घड्याळवाल्याला बसवलं.

“मी काय करू?” त्याने विचारलं.

“काही नका करू. हलू नका.”

पहिला बल्ब पिवळा होता. त्यात टोमॅटो राजासारखा दिसला आणि काकडी आजारी पडली. दुसरा पांढरा, त्यात काकडी टवटवीत पण अंड्याचा बलक खडूसारखा. तिसरा दोन्हींच्या मधला. तो लावल्यावर भात, काकडी, टोमॅटो, अंडं, सगळे गुण्यागोविंदाने नांदू लागले. घड्याळवाल्याचा जीव भांड्यात पडला. त्याने चमचा उचलला. शेडबाईने मात्र हळूच खिडकीच्या काचेकडे नजर टाकली, आणि म्हणाली, “नाही.”

सोफ्याजवळ उभा दिवा ठेवून झाला. त्याच्या उजेडात घड्याळवाल्याची सावली छतावर गेली आणि त्याचं नाक कपाटाएवढं झालं. भिंतीवर दोन छोटे दिवे लावून झाले. ते लागल्यावर खोली डॉक्टरच्या दवाखान्यासारखी दिसू लागली, आणि घड्याळवाला गंभीरपणे म्हणाला, “पुढचा पेशंट.” शेडबाई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग उजेड कमी-जास्त करायचं बटण आणलं. ते तिने फिरवत फिरवत इतकं खाली आणलं की दोघांनाही ताट सापडेना. “आत्ता बरं आहे,” ती अंधारातून म्हणाली. “माझं अंडं कुठाय?” तो अंधारातून म्हणाला.

काय सांगावं, मजा येत होती. इतकी की दोघं एकमेकांना टाळ्या द्यायला लागली होती. आणि दर संध्याकाळी, हसून हसून पोट दुखल्यावर, शेडबाई काचेकडे बघायची आणि ‘नाही’ म्हणायची.

सोमवारी ताईने तिला गाठलं. ताई साक्षीदार होती आणि साडीला फॉल लावत बसली होती.

“अगं, दिवा ठरला का?”

“नाही गं. मी म्हणत होते, दिवा ठरेपर्यंत तारीख महिनाभर पुढे ढकलली तर?”

ताईने हातातलं काम खाली ठेवलं. “पहिल्या वेळी पाणी, दुसऱ्या वेळी जिना. आता दिवा. एकदा खरं सांग मला, तुला दिवा पसंत नाही की माणूस?”

शेडबाईकडे उत्तर होतं, पण ते तिने गिळलं. माणूस तिला इतका पसंत होता की त्याच्या नुसत्या चपलांचा आवाज जिन्यात आला तरी कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. हेही एक्कावन्नाव्या वर्षी सांगण्यासारखं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिने घड्याळवाल्यालाही विचारलं, तारीख पुढे ढकलायची का. तो स्टुलावर उभा राहून होल्डर घट्ट करत होता. त्याचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. “तुम्ही म्हणाल तसं,” तो म्हणाला. “फक्त एक संध्याकाळ मला द्या. बुधवारी या. दिवा मी निवडतो. तोही नाही आवडला तर ढकलू.”

म्हणजे सगळं बुधवारवर आलं. शेडबाईला मंगळवारी कारखान्यात एक दोरा दोनदा तपासावा लागला. असं आजवर झालं नव्हतं.

बुधवारी ती आली तेव्हा राखाडी चादर घडी करून ठेवलेली होती. भिंतीवरची ट्यूब बंद होती, आणि टेबल ओढून खोलीच्या मधोमध आणलेलं होतं. छताच्या हुकाला एक लांब वायर, वायरीला परातीएवढी पत्र्याची हिरवी टोपी, टोपीत बल्ब, आणि हे सगळं टेबलापासून जेमतेम सव्वा वीत वर लटकत होतं.

या सव्वा वितीला कारण होतं. घड्याळवाल्याच्या दुकानातल्या कामाच्या टेबलावर पस्तीस वर्षं दिवा याच उंचीवर होता. उजेड चाकांवर, स्क्रूंवर पडायचा आणि डोळ्यांत जायचा नाही. दुपारभर खपून त्याने फूटपट्टीने मोजून मोजून दिवा टांगला होता, आणि तपासताना सवयीने ताटावर मान खाली घालूनच तपासला होता. उजेड त्याला फर्मास वाटला. समोर कुणी बसणार आहे, हे मोजमापात घ्यायचं राहून गेलं.

“बसा,” तो म्हणाला.

ती बसली. तो समोर बसला, आणि दिव्याच्या टोपीमागे गायब झाला. तिला त्याचे दोन हात दिसत होते, शर्टाची दोन बटणं दिसत होती. त्यावर हिरवा पत्रा.

ताटं तर अशी उजळली होती की भाताचं शीत न् शीत मोजून घ्यावं. चेहरे मात्र दोन्ही अंधारात. शेडबाईने खिडकीकडे पाहिलं. काचेत एक दिवा होता, दोन ताटं होती, आणि बाई कुठेच नव्हती.

तिला एकदम हलकं वाटलं. आठ दिवसांचं ओझं उतरलं. “अहो, फार छान,” ती म्हणाली. “हाच ठेवा. शुक्रवार पक्का.”

पलीकडे चमचा ताटात वाजला आणि थांबला.

“अहो?”

“हं.”

“काय झालं?”

“काही नाही.”

आता हे ‘काही नाही’ कसलं? खूश होऊन म्हटलेलं, की रागावून, की नुसतंच तोंडात घास असताना म्हटलेलं? तिने कान देऊन ऐकलं, काही कळेना. बटणं जागच्या जागी होती. डावा हात टेबलावरून खाली गेला आणि परत आला नाही. ती डावीकडे वाकली. तोही नेमका त्याच बाजूला वाकला, मध्ये पत्रा. ती उजवीकडे झाली तर तोही तिकडेच. मग ती खाली वाकून टोपीखालून बघायला गेली, तर बल्बने डोळे दिपले आणि पदराचं टोक भाजीत गेलं. तिला हसू येत होतं आणि आतून कासावीसही होत होतं. समोर हातभर अंतरावर माणूस बसलाय, आपण त्याला आत्ताच होकार दिलाय, आणि त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. असंच रोज? दोन वेळा, जन्मभर?

ती उठली. खुर्ची टेबलाला लावली आणि सरळ वर चढली.

“अहो, पडाल,” पत्र्यामागून आवाज आला, आणि दोन हातांनी खुर्ची धरली.

तिने वायर ओढून हुकाभोवती एक वेढा दिला, मग दुसरा, मग तिसरा. दिवा वर वर आला आणि जोरात झोके घेऊ लागला. सोफा उजळला, मग टेबल, परत सोफा. आणि त्या झुलत्या उजेडात, खाली खुर्ची धरून उभा असलेला घड्याळवाला तिला दिसला. तो हसत होता आणि त्याचे डोळे वाहत होते. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं.

“रडताय तुम्ही?”

“नाही, हे आपलं ते.” त्याने बाहीने तोंड पुसलं. “आठ दिवस बल्ब लावतोय आणि काढतोय. मला वाटलं तुम्हाला मीच पसंत नाही, सांगायला जड जातंय म्हणून दिव्यावर ढकलताय. आज शुक्रवार पक्का म्हणालात, तर आवरेना.”

शेडबाई खुर्चीवरच उभी राहिली. हा माणूस टोमॅटोमागे बसून ‘पुढचा पेशंट’ म्हणत होता, आणि आतून इतका घाबरलेला होता. तिला स्वतःचीच लाज वाटली. मग तिच्या तोंडून ते एकदाचं निघालं.

“तुमचं काहीच नाही हो. मला माझंच तोंड बघवत नव्हतं. त्या ट्यूबमध्ये काचेत दिसलं, आणि वाटलं, हे तुम्ही रोज बघणार.”

त्याने मान वर केली. दिवा अजून थोडा हलत होता, मग थांबला. आता उजेड दोघांवर सारखा पडला होता. चांगलाच पडला होता, लपायला कुठे जागा नव्हती. तो तिच्याकडे बघू लागणार, तेवढ्यात थबकला.

“बघू का?” त्याने विचारलं.

अशी परवानगी तिच्याकडे कुणी मागितली नव्हती. ती खुर्चीवरून उतरली. तिचा हात आपोआप गालाकडे गेला होता, तो तिने खाली घेतला. तो आपल्या जागी बसला, मग ती त्याच्या समोर बसली, ताठ, उजेडात.

“बघा,” ती म्हणाली. “पण जेवता जेवता बघा. भात गार होतोय.”