पुंडलिकरावांच्या माडीवरचा मोर

तेजराम सिमेंटचे मोर करतो. वरठीजवळच्या आमच्या गावात ज्यानं माडी चढवली, त्यानं दर्शनी भिंतीवर तेजरामचा मोर बसवला. त्याला शेत नाही. थापी आणि दोन हात.

दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी मराठी साहित्यात एम.ए. झालो आणि गावाला समतेची गरज आहे हे माझ्या लक्षात आलं.

गेल्या ग्रामसभेत मी ठराव लिहून नेला. साध्या घरांचा कर आहे तोच. नव्या माडीला चौपट. त्या पैशातून नाली. वाचताना माझा आवाज दोनदा भरून आला. ठराव मंजूर झाला. सगळ्यात जोरात टाळ्या तेजरामनं वाजवल्या.

घर पूर्ण झालं की कर लागतो, हे मला माहीत होतं. पूर्ण झालं नाही तर लागत नाही, हे धानगिरणीवाल्या पुंडलिकरावांना माहीत होतं.

त्यांच्या माडीवर मोर सुरू होता. पिसारा झाला, मान झाली, आणि त्यांनी काम थांबवलं. उघड्या विटांच्या मजल्यावर राहायला गेले. एसी लावला. कागदावर बांधकाम चालूच. त्यांचं पाहून आणखी तिघांनी माडीच रद्द केली. कर आला नाही. नाली झाली नाही. तेजरामचं वर्षभराचं काम मात्र गेलं. आता कामाला नागपूरच उरलं, आणि घरी त्याची आई, कुंताबाई, अंथरुणावर.

"असा ठराव काहून लिहिला बे तू?" त्यानं विचारलं.

"तू टाळ्या काहून वाजवल्या?"

"मले वाटलं, तू शिकलेला आहेस."

एम.ए.ला हा प्रश्न नव्हता.

बिनडोक्याचा मोर त्याला बघवेना. एका दुपारी पुंडलिकराव भंडाऱ्याला गेले, तेव्हा त्यानं पदरच्या सिमेंटनं डोकं केलं. तुरा, डोळा, सगळं. शिडी मी धरली. कलेसाठी, असंही म्हणालो.

सकाळी पंचायतीचा शिपाई देवाजी सायकल थांबवून वर बघत राहिला, मग दारातल्या पुंडलिकरावांना म्हणाला,

"मोर झाला म्हंजे घर झालं, काकाजी."

पुंडलिकरावांनी तेजरामला बोलावलं. "मुंडकं काढ त्याचं. दिवसाची रोजी देतो."

तेजराम छिन्नी घेऊन चढला. त्या महिन्यातली त्याची ती एकच रोजी. शिडी पुन्हा मीच धरली.

उतरून त्यानं डोकं माझ्या हातात दिलं.

"ठेव तुह्या ठरावावर. कागद उडणार नाही."

"आणि तू?"

"सोमवारी नागपूरले जाऊन राहिलो. मायच्या गोळ्या तू देशील."

देतो. सकाळी एक, संध्याकाळी दोन. गोळी गिळून कुंताबाई रोज विचारतात, "पुंडलिकाचा मोर पुरा झाला का गा?"

"नाही," मी सांगतो. "डोकं राहिलंय."