घेतली की राहिली

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेला पेन्सिलीचा ठिपका आहे, आणि खाली पाण्याचा तांब्या अर्धा भरलेला आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी मी घेतली की राहिली, ते मला आठवत नाही. डबीत गोळ्या सुट्या पडल्यात, त्या काही सांगत नाहीत.

हृदयातला व्हॉल्व्ह बदलल्यापासून ही गोळी रोज संध्याकाळी लागते. बायको होती तोवर तीच द्यायची. मी गिळली की मगच कुंकवाचं बोट त्या तारखेला लावायची. लिहिता येत नव्हतं तिला. वैशाखात ती गेली, तिथून पुढे माझी पेन्सिल आहे. मी आधी ठिपका देतो आणि मग गोळी-पाण्याकडे वळतो. अक्कल तेवढीच.

घेतलेली असून परत घेतली तर रक्त थांबायचं नाही. राहिली असली तर आत गाठ व्हायची. दोन्हीकडून कोंडलेला माणूस खाटेवर बसून राहतो. घरातही हल्ली माझं तसंच आहे; आत करमत नाही, बाहेर जाववत नाही.

शेवटी सुनेला फोन लावला.

"आबा, आठवत नाही ना? मग आज परत घ्यायची नाही. उद्या ठरल्या वेळेला एकच. डॉक्टरांना मी विचारते."

"आणि राहिलीच असली तर?"

"तरी उद्या दोन घ्यायच्या नाहीत. कळलं का?"

कळलं. पोरगी बरोबर बोलते. रोज फोन करून विचारतेसुद्धा, "घेतली का?" म्हणून. बायकोनं एवढ्या वर्षांत कधी विचारलं नाही. समोर उभी राहायची आणि म्हणायची, "तोंड उघडा."