साच्यात वाचलेलं नाव

होडीवरचं नाव मी उलटं बसवलं. आरशात दिसतं तसं उलटं, आणि कायमचं.

तेव्हा मी पनवेलला फायबरच्या होड्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला होतो. त्या शेडच्या जागी आता गोडाऊन आहे. पण फायबर चिकटवणाऱ्या रेझिनचा वास कुठून आला की आजही माझे पाय थबकतात. तो वास अंगाला असा बसायचा की एसटीत शेजारचा माणूस उठून जायचा आणि खिडकी मला मिळायची. काचेच्या बारीक तंतूंनी मान खाजायची, बायको माझे कपडे वेगळे धुवायची. तरी सकाळी मी पळतच जायचो.

उरणच्या एका कोळी दादांनी होडी सांगितली होती. जुन्या होडीवर त्यांनी आईचं नाव रंगवून घेतलं होतं, ते खाऱ्या पाण्याने दोन हंगामांत पुसलं. म्हणाले, "आई गेली, नाव तरी र्‍हायला पायजे. बाकी कायपन कर."

आमच्याकडे उपाय होता. नाव पातळ कागदावर छापायचं आणि होडी घडतानाच थरांच्या आत बसवायचं. कागद रेझिन पिऊन दिसेनासा होतो, अक्षरं तेवढी राहतात.

मिस्त्री रोज बजावायचे, "साच्यात होडीची बाहेरची बाजू आधी होते. कागद पालथा ठेवायचा. नाव साच्याने वाचायचं, तू नाही." मी रोज मान हलवायचो. त्या दिवशी साच्यात वाकून पहिल्या पारदर्शक थरावर कागद ठेवला तो मला नीट वाचता येईल असा. बुडबुडे काढले. मागे सरून दोनदा वाचलासुद्धा, इतका झकास बसला होता. मग त्यावर पांढरा थर, काचेचं कापड, रेझिन.

होडी साच्यातून निघाली तेव्हा दादा नारळ घेऊन उभे होते. शिरोरेषा जागच्या जागी, त्यामुळे क्षणभर सगळं ठीक वाटलं. मग दादांनी नारळ खाली ठेवला. मला एकदम हार्डनरचा डबा शोधायचं आठवलं. तो बराच वेळ सापडेना.

मिस्त्री म्हणाले, "घासून काढतो, वरून रंगवून देतो."

दादांनी अक्षरांवरून हात फिरवला. "म्हंजे परत रंगच ना? घासू नको. हाय तसं र्‍हाऊ दे."

परवा मासळी घ्यायला उरणला गेलो होतो. धक्क्याला तीच होडी. उलट्या नावावर दादांनी सुलटं नाव रंगवून घेतलेलं, त्याचे पोपडे उडालेले. खालचं माझं मात्र कालच बसवल्यासारखं. पिकलेल्या मिशीचे दादा जाळं विणत होते. मी ओळख दिली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बायकोला हाक मारली.

"अगो, हा बग कोन आलाय! दर साली चांगला रंग देतो तो टिकत नाय, न ह्याचा गाढवपना बग, जरा हालला नाय!"